भाडे कुणाचे, जमीन कुणाची?

बेकायदा जागेत राहणाऱ्या भाडेकरूला 'जागा सोड' म्हटले, तर त्याला काही हक्क असतो का? आणि जाताना त्याच्यावर काही फर्ज राहते का? हे प्रश्न आम्ही कधी पुस्तकातून शिकलो नव्हतो. २०२२ च्या डिसेंबरात एका रात्री ईशाच्या नमाजेनंतर ते आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला, बोईसरच्या बाहेर, एका बावीस खोल्यांच्या चाळीत आम्ही आठ वर्षे राहिलो. सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती, वर पत्रे, चार संडास, एक बोअरवेल. भाडे तीन हजार, डिपॉझिट पंधरा हजार, विजेचे पैसे सबमीटरवर मालक लावील त्या दराने. करार तोंडी. पावती कधीच नाही. मालक आमच्याच जमातीचा, जुम्याला आमच्याच सफेत उभा राहणारा. शेवटच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून त्याने जमातखाना करून दिला होता. तेथे सकाळी मुलांचा मकतब भरे आणि रमजानात तरावीह होई. चाळीतली माणसे त्याला दुवा देत. आम्हीही देत होतो.

त्या रात्री तो म्हणाला, "तहसीलची नोटीस आली आहे. बांधकाम पाडणार आहेत. आठ दिवसांत खोल्या खाली करा. डिपॉझिटचे नंतर बघू." चौथ्या दिवशी चाळीचे लाइट बंद झाले. चाळीत दोन मुली दहावीला होत्या. मार्चमध्ये परीक्षा.

अशा खोलीत माणसे का राहतात, हे बोईसर-पालघरच्या वाचकांना सांगायला नको. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, औषधांच्या, रसायनांच्या, कापडाच्या, पोलादाच्या कंपन्या आल्या. कंपन्यांना कामगार लागले, पण कामगारांना राहायला घरे कुणी बांधली नाहीत. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, आणि दोन्हीकडची भाडी चढत गेली. ठेकेदाराकडे बारा तासांची शिफ्ट करणारा माणूस सोसायटीतला फ्लॅट कोठून घेणार? त्यात आमच्यासारख्यांची अडचण वेगळी. फोनवर रूम शिल्लक असते, नाव सांगितले की ती 'कालच दिली' जाते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना घर मिळण्यातल्या अडचणींची आणि एकाच वस्तीत गोळा होण्याची नोंद आहे. तेव्हा जो मालक नाव न विचारता खोली देतो, त्याच्या भिंती मंजूर आहेत की नाहीत, हे आपण विचारत नाही. विचारले तर खोली मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते.

पण न विचारणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. येथपर्यंत यायला आम्हाला बरेच महिने लागले.

आधी हक्कांचे बघू, कारण त्या आठवड्यात आम्हाला त्याचीच गरज होती. मालकाचे म्हणणे सरळ होते: चाळ बेकायदा, तुमचे राहणे बेकायदा, मग तुम्हाला हक्क कसला? ऐकायला हे पटते. पण यात एक लबाडी आहे. बेकायदा बांधकाम त्याने केले, त्यावर आठ वर्षे भाडे त्याने घेतले, आणि अंगाशी आल्यावर त्याच बेकायदेशीरपणाची ढाल आमच्याविरुद्ध तोच पुढे करू लागला. आपल्याच चुकीचा फायदा माणसाला मिळू नये, हे तत्त्व शरीयतीत आहे आणि देशाच्या कायद्यातही आहे.

पालघरच्या एका वकीलसाहेबांनी आम्हाला समजावले ते असे. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे कलम ६ सांगते, की जो कब्जात आहे त्याला कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात जाऊन तो कब्जा परत मागू शकतो. तेथे मालकी कुणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे, तेथे वीज, पाणी यांसारख्या आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करीत नाही. मात्र हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच आहे. वाढत्या गावाच्या कडेला आधी ते तपासावे लागते. तो नसेल तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा राहतो. त्यानुसार महिन्याच्या भाडेकरूलाही पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. आठ दिवस आणि लाइट बंद, ही कोणत्याच कायद्याची रीत नव्हे.

डिपॉझिटचेही तसेच. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६५ म्हणते, की करार निरर्थक होता असे उघड झाले, तर त्यातून ज्याला लाभ झाला त्याने तो परत करावा. करार कच्चा निघाला म्हणून अमानत पचत नाही. दोघेही जाणूनबुजून दोषी असतील, तर न्यायालय मदतीला हात आखडते घेते हेही खरे. पण बावीस खोल्यांतल्या कामगारांना आणि बावीस खोल्या बांधणाऱ्याला एकाच तराजूत कसे तोलणार?

सरकारने पाडायचे म्हटले तरी रीत आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्याही जगण्याच्या हक्कात उपजीविका धरली. त्यांना फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी सक्तीची केली. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची आणि नदीची जागा यांवरच्या अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत. म्हणजे कायदा अशा माणसाला घर देत नाही, पण वेळ देतो, आणि त्याला माणूस मानून त्याचे ऐकून घेतो. हा हक्क लहान वाटला तरी ज्याच्या घरात दहावीची मुलगी आहे, त्याला विचारा.

आम्ही बावीस घरांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. लाइट आले. तहसील कार्यालयात जाऊन परीक्षेपर्यंत मुदत मागितली. तोंडी का होईना, एप्रिलअखेरपर्यंत थांबण्याचे मान्य झाले. आम्हाला वाटले, हक्काची लढाई जिंकली.

त्याच दिवसांत चाळीतल्या एका मुलाने मोबाइलवर महाभूलेखवरून त्या गटाचा सातबारा काढला. मालकाचे नाव त्यावर नव्हते. खातेदार एक वारली कुटुंब होते, आणि इतर हक्काच्या रकान्यात आदिवासी जमिनीचा शेरा होता. मालकाने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर त्यांच्याकडून जमीन 'घेतली' होती. पालघर तालुक्यात असे कागद कपाटाकपाटांत पडलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकारी वा शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. म्हणजे तो कागद रद्दीचा होता.

सातबारावर पहिले नाव एका बाईचे होते. नाव वाचून कुणाला काही कळले नाही. मग पलीकडच्या किराणा दुकानदाराने सांगितले, ही तीच म्हातारी, जी चाळीमागच्या चिंचेखाली चिंचा वेचायला येते. दर उन्हाळ्यात ती येत असे. चाळीतली पोरे तिला हुसकावून लावत. "हमारी चाल का पेड है" म्हणत. त्यांतली काही पोरे आम्ही वर्गात शिकवतो. आम्ही हे दारातून पाहिले आहे आणि त्यांना अडवलेले नाही.

ती बातमी पसरल्यावर चाळीत निराळेच वारे सुटले. तरुणांचे म्हणणे असे, की जमीन मालकाच्या बापाची नाही, तर भाडे कशाचे द्यायचे? जानेवारीपासून बहुतेकांनी भाडे थांबवले. आम्हीही थांबवले. फक्त एक वयस्कर चाचा दर महिन्याला देत राहिले. जमातखान्यात त्यांना सगळ्यांनी घेरले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "उन्हात राहिलो का आपण? छपराखाली राहिलो ना?" त्यांना कायदा ठाऊक नव्हता. पण भाडे सुरू असताना 'तू मालकच नाहीस' असे म्हणून भाडेकरूला हात झटकता येत नाहीत, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ज्याच्या हातून किल्ली घेतली, त्याची किल्ली परत देईपर्यंत त्याच्याशी केलेला शब्द पाळायचा असतो. वचने पूर्ण करा, हा कुरआनचा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. समोरचा चांगला माणूस असेल तरच, अशी अट तेथे घातलेली नाही.

पण मग त्या म्हातारीचे काय? चाचांचे म्हणणे खरे मानले, तर हडप करणाऱ्याच्या हातात आम्ही पैसे घालत राहायचे. तरुणांचे खरे मानले, तर त्या म्हातारीच्या नावाने आम्ही फुकट राहायचे. दोन्हीकडे तिच्या पदरात काहीच पडत नव्हते. तिच्या जमिनीवरून दोन पक्ष भांडत होते आणि दोघांपैकी एकालाही तिची आठवण नव्हती.

जमातखान्याचा प्रश्न तर अधिक जिव्हारी लागणारा होता. हडपलेल्या जमिनीवरच्या नमाजेचा प्रश्न फकिहांनी फार पूर्वी चर्चिला आहे. इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते नमाज अदा होते, पण दुसऱ्याची जमीन वापरल्याचा गुनाह वेगळा उरतो. इमाम अहमद बिन हंबल यांचे प्रसिद्ध मत असे, की अशी नमाज होतच नाही. आम्ही मौलानासाहेबांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग मदीनेच्या मशिदीची हकीकत सांगितली. प्रेषित मुहंमद (स.) मदीनेत आले तेव्हा जेथे मशीद बांधायची ठरली, ती खजूर वाळवण्याची जागा सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. जमीन बिनमोल देऊ केली गेली. प्रेषितांनी ती किंमत दिल्याशिवाय घेतली नाही. मौलानासाहेब म्हणाले, "यतिमाची जागा मशिदीलाही फुकट चालली नाही. आपल्याला कशी चालेल?" त्या रमजानात आमची तरावीह गावातल्या मशिदीत झाली. दोन किलोमीटर चालत जावे लागे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण मजलूम आहोत, हे खोटे नाही. आपल्याला घर नाकारले जाते, आपल्याला महाग भाडे पडते, पहिला हातोडा गरिबाच्याच खोलीवर पडतो. पण मजलूम असणे हा जुलमात भागीदार होण्याचा परवाना नव्हे. आपल्यावर अन्याय करणाऱ्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. आपण ज्याच्या जागेवर पाय रोवून उभे आहोत, त्याचे नाव आपल्याला दुकानदाराकडून कळते.

म्हणून 'जागा सोडा' हे कोण म्हणतो, ते आधी ओळखावे. मालक आपल्या सोयीसाठी म्हणत असेल, तर त्याला रीत दाखवावी, मुदत मागावी, अमानत मागावी, आणि तोवर भाडे चुकते ठेवावे. सरकार म्हणत असेल, तर नोटीस आणि सुनावणी मागावी. पण भिंतच धोक्याची असेल, तर तेथे मुदत मागणे हक्क नव्हे, नादानी आहे. मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंडची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली तेव्हा ७४ माणसे मेली. काम पुरे होण्याआधीच तिच्यात कुटुंबे राहायला आणली होती. २०२० च्या सप्टेंबरात भिवंडीची जिलानी बिल्डिंग पडली. २०२५ च्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यात विरारचे रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. त्या घरांतली माणसेही आपल्यासारखीच, दुसरीकडे परवडत नाही म्हणून राहिली होती. डहाणू-तलासरीची जमीन २०१८ च्या नोव्हेंबरपासून हादरे देत आली आहे. आपल्या ब्लॉकच्या भिंती त्या धक्क्यांचा हिशेब धरून बांधलेल्या नाहीत. तेथे मुलाबाळांना घेऊन बाहेर पडणे हेच पहिले फर्ज. भांडण बाहेर उभे राहूनही करता येते.

आणि 'सोडा' म्हणणारा जमिनीचा खरा धनी असेल तर? त्याच्यापुढे आपल्याकडे विनंतीशिवाय काही नसते. १९७४ च्या कायद्याने महाराष्ट्रात आदिवासींना गेलेली जमीन परत मिळण्याचा मार्ग केला. तो मार्ग किती लांबचा आहे, हे पालघर-डहाणूच्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना विचारावे. त्या मार्गात आपली चाळ हा आणखी एक धोंडा होता.

शेवटी आम्ही चौघे जण तिच्या पाड्यावर गेलो. म्हातारी ओट्यावर होती. तिचा मुलगा आमच्याच बाजूच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. रोज चाळीवरून जायचा. आम्ही परीक्षेपर्यंत राहू देण्याची विनंती केली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "राहा एप्रिलपर्यंत. पण एक करा. आठ वर्षे भाडे तुम्ही कुणाला दिले, ते तहसीलला लिहून द्या. तो म्हणतो चाळ आम्हीच बांधली." त्याने याहून काही मागितले नाही.

ही मागणी मालकाच्या कानावर गेली. दुसऱ्या आठवड्यात तो चाळीत आला तो नोटांची पिशवी घेऊनच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आदिवासीची जमीन बेकायदा बळकावणे हाही गुन्हा आहे, आणि त्याला त्याची धास्ती होती. त्याने प्रत्येकाचे डिपॉझिट पुरे पंधरा हजार मोजून दिले. थकलेल्या भाड्याचा विषय काढला नाही. एवढेच म्हणाला, "आपसातली गोष्ट आहे. बाहेरच्यांपुढे कशाला बोलायचे?"

आम्ही पैसे घेतले. जानेवारी ते एप्रिल, चार महिन्यांचे बारा हजार आमच्याकडे राहिले होते. त्याने मागितले नाहीत, आम्हीही काढून दिले नाहीत. एप्रिलच्या शेवटी चाळ रिकामी झाली. बावीस घरांपैकी नऊ घरांनी तहसीलमध्ये जबाब दिला. त्यांत चाचा होते. आम्ही नव्हतो. आम्ही पालघरला नोंदणी केलेल्या कराराच्या खोलीत आलो आणि स्वतःला समजावले, की आम्ही शिक्षक माणसे, कचेरीच्या भानगडीत कशाला पडा, शिवाय तो आपल्या जमातीचा.

जूनमध्ये शाळा उघडली. चाळीतली पाच मुले आली नाहीत. कुणी मुंब्र्याला गेले, कुणी गावी. जेथे गेली तेथे जवळ उर्दू शाळा आहे की नाही, कोण जाणे. दाखले न्यायला कुणी आले नाही. दाखल्यावाचूनही प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण ते त्या आईबापांना कुणी सांगितले असेल? आम्ही त्यांचे दाखले लिहून ठेवत होतो. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' असे लिहिले आणि थांबलो. रोज मुलांना खरे लिहा म्हणून सांगतो, आणि हे आमच्या हातचे कितवे अर्धे सत्य होते? न्यायासाठी साक्ष द्या, ती स्वतःविरुद्ध असो, आईबापांविरुद्ध वा जवळच्यांविरुद्ध असो, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. 'आपल्या जमातीचा' ही सबब तेथे आधीच बाद करून ठेवलेली आहे.

त्या आठवड्यात आम्ही कचेरीत जाऊन जबाब दिला. आठ वर्षांचे भाडे कुणाला दिले ते लिहिले, आणि चार महिन्यांचे दिले नाही तेही लिहिले.

राहिले बारा हजार. वकीलसाहेबांनी सांगितले, कायद्याने तो उद्या मागू शकतो. मौलानासाहेबांनी सांगितले, हडपलेल्या वस्तूचे भाडे हडपणाऱ्याला पाक नसते. ते मूळ धन्याला पोचवावे किंवा खैरात करावे, असे हनफी फकिहांनी म्हटले आहे. आम्ही दोघांचेही ऐकले. उद्या मालकाने मागितले तर पुन्हा भरू, अशी तयारी ठेवून ते पैसे म्हातारीला नेऊन दिले. तिच्या मुलाने मोजले आणि विचारले, "पावती लिहून देऊ का?" आठ वर्षांत भाड्याची पावती देऊ का, असे आम्हाला विचारणारा तो पहिला माणूस. देवघेव लिहून ठेवा, असे सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत सांगितले आहे. ती आयत आम्ही किती वेळा तिलावत केली असेल!

जमिनीचे प्रकरण अद्याप चालू आहे. आमच्या जबाबाचा उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही. मालक आता सलामाला उत्तर देत नाही. चाळीतले काही जण म्हणतात, कौमच्या माणसाला परक्यापुढे उघडे पाडले. त्यांना आमचे उत्तर एवढेच आहे: ज्याच्या जमिनीवर आठ वर्षे झोपलो, तो परका कसा?

वाचकांपैकी अनेक जण आजही अशा खोल्यांत राहत असतील. त्यांनी निघून जावे असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. जाणार कोठे, हे आम्हालाही ठाऊक नाही. एवढे मात्र करता येते. भाड्याची पावती मागावी. नाही मिळाली तर बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे द्यावेत, म्हणजे नोंद राहते. गट नंबर विचारून सातबारा एकदा पाहून घ्यावा. आणि घराच्या मागे कुणी चिंचा वेचायला आले, तर मुलांना आवरावे.